मानवी जनुके आणि आतड्यांतील जिवाणू

माणसाच्या मोठ्या आतड्यात वास्तव्य करणाऱ्या जिवाणूंची जात, संख्या आणि परस्परप्रमाण यांवर त्या माणसाच्या स्वतःच्या जनुकांचा जो परिणाम होतो, त्याचा अभ्यास हा आनुवंशिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन शास्त्रांच्या सीमेवरील विषय आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत असा अंदाज असून त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. प्रथिने घडविणारी मानवी जनुके सुमारे २०,००० आहेत. त्यांपैकी फारच थोड्या जनुकांचा जिवाणूंशी असलेला संबंध आजवर वारंवार आणि निर्विवादपणे दिसून आला आहे. दूध पचविणाऱ्या विकराचे जनुक आणि रक्तगट ठरविणारी जनुके ही त्यांतील प्रमुख होत. यांतील दुसऱ्या गटाचे एक टोकाचे आणि जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईत सापडले. 'बाँबे रक्तगट' या नावाने ते ओळखले जाते.

जनुके जिवाणूंची थेट निवड करीत नाहीत. आतड्याच्या अस्तरावर कोणती शर्करा असेल, लहान आतड्यात काय पचेल आणि काय न पचता पुढे जाईल, एवढेच ती ठरवितात. शेताची माती आणि पाण्याचा निचरा जनुकांच्या हाती असतो, बियाणे मात्र बाहेरून येते, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीला धरून होईल.

आनुवंशिक आणि कौटुंबिक यांतील फरक

एका घरातील माणसांचे जिवाणू परक्या माणसांच्या जिवाणूंपेक्षा एकमेकांशी अधिक जुळतात. हे साम्य रक्ताच्या नात्यामुळे येते असे मानण्याचा मोह सहज होतो. परंतु एकाच चुलीवरचे अन्न, एकाच विहिरीचे पाणी आणि रोजचा सहवास यांमुळेही ते येऊ शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९,७०० हून अधिक नमुन्यांची तुलना करण्यात आली. एकत्र राहणाऱ्या व्यक्तींच्या आतड्यांतील जिवाणूंचे सुमारे १२ टक्के वाण समान आढळले. आई आणि पहिल्या वर्षातील मूल यांच्यात हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. सासरी आलेली सून काही वर्षांत त्या घराच्या जिवाणूंची वाटेकरीण होते, मग तिचे जनुकीय नाते त्या घराशी असो वा नसो. म्हणून 'आमच्या घराण्यातच पोट नाजूक' या विधानात घराणे म्हणजे रक्त की स्वयंपाकघर, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हा गुंता सोडविण्यासाठी जुळ्या भावंडांचा आधार घेतला जातो. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्णपणे समान असतात, तर द्विबीज जुळ्यांची इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. त्यामुळे एकबीज जुळ्यांमध्ये जिवाणूंचे साम्य अधिक आढळल्यास ते जादा साम्य जनुकांच्या नावे मांडता येते. २००९ मधील एका अमेरिकी अभ्यासात असा फरक दिसला नव्हता. २०१४ मध्ये ब्रिटनमधील ४१६ जुळ्या जोड्यांचे नमुने तपासल्यावर मात्र तो दिसला. त्यात ख्रिस्टेन्सेनेला या जिवाणूचे कुल सर्वाधिक आनुवंशिक ठरले. हे कुल सडपातळ व्यक्तींमध्ये अधिक आढळते. त्यातील एक जाती जंतुविरहित उंदरांना दिलेल्या जिवाणूसमूहात मिसळली असता त्या उंदरांचे वजन कमी वाढले.

पुढे २०१८ साली इस्रायलमधील १,०४६ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासाने या उत्साहाला लगाम घातला. तेथील लोकांचे पूर्वज निरनिराळ्या देशांतून आलेले असूनही वंशमूळ आणि जिवाणूसमूह यांत ठळक संबंध आढळला नाही. संपूर्ण जिवाणूसमूहाची आनुवंशिकता १.९ ते ८.१ टक्क्यांच्या दरम्यान असावी, असा निष्कर्ष निघाला. आहार, औषधे आणि शरीरमान यांचा वाटा मात्र २० टक्क्यांहून अधिक होता. एकूण समूहाची आनुवंशिकता कमी असली, तरी त्यातील एखाद्या विशिष्ट जिवाणूची बरीच अधिक असू शकते. या दोन गोष्टींची गल्लत वृत्तपत्रीय लेखनात नेहमी होते.

दूध पचविणारे जनुक

२०२१ मध्ये २४ लोकसमूहांतील १८,३४० व्यक्तींची माहिती एकत्र करून जो अभ्यास झाला, त्यात सर्वांत कडक सांख्यिकी कसोटीला मानवी जनुकसंचातील एकच ठिकाण उतरले. ते म्हणजे दुसऱ्या गुणसूत्रावरील लॅक्टेज विकराच्या जनुकाचा परिसर.

तान्ह्या मुलाच्या लहान आतड्यात लॅक्टेज भरपूर असते आणि ते दुधातील शर्करेचे विघटन करते. अंगावरचे दूध सुटल्यावर बहुसंख्य मानवजातीत हे विकर हळूहळू कमी होते. काही लोकांत मात्र जनुकाच्या नियंत्रक भागातील एका अक्षराच्या बदलामुळे ते आयुष्यभर टिकते. भारतातील दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर आधारलेल्या २०१२ च्या अभ्यासात असे दिसले की, युरोपात आढळणारा हाच बदल भारतातही आहे आणि त्याचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जाते. पशुपालक समाजांमध्ये ते अधिक असते.

ज्यांचे लॅक्टेज टिकलेले नाही, त्यांनी दूध प्याल्यास दुग्धशर्करा न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते. तेथे बायफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू तिच्यावर पोसला जातो आणि त्याची संख्या वाढते. काहींना त्याच वेळी पोटफुगी वा जुलाब होतात. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात या संबंधाचा खरा स्वभाव उघड झाला. जनुकाचा हा परिणाम संबंधित व्यक्ती दुग्धजन्य पदार्थ किती खाते यावर अवलंबून होता. दूधच नसेल, तर जनुक असून नसल्यासारखे.

या दृष्टीने सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीचा आहार लक्षात घेण्याजोगा आहे. वेंगुर्ले, मालवण, देवगड या भागांत रोजच्या जेवणातील पांढरा रस नारळाचा असतो. सोलकढी, माशांची कढी, तांदळाची खीर या सर्वांत नारळाचे दूध पडते आणि त्यात दुग्धशर्करा मुळीच नसते. 'दूध' हा शब्द दोन्हींना लावला जात असला, तरी आतड्यातील जिवाणूंच्या दृष्टीने ते दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. दह्याताकात दुग्धशर्करेचा काही भाग विरजणाच्या जिवाणूंनी आधीच वापरलेला असतो. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते.

रक्तगट आणि आतड्याचे अस्तर

ए, बी आणि ओ हे रक्तगट तांबड्या पेशींवरील शर्करांच्या साखळ्यांवरून ठरतात, हे शालेय पुस्तकातही असते. याच शर्करा लाळेत आणि आतड्याच्या आतील बाजूस असणाऱ्या बुळबुळीत श्लेष्म्यातही असू शकतात, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असलेली दोन जनुके हे काम करतात. एफयूटी-१ हे जनुक तांबड्या पेशींवर 'एच' नावाची पायाभूत शर्करारचना उभारते; एफयूटी-२ हे जनुक तीच रचना लाळेत आणि श्लेष्म्यात उभारते. या पायावर मग ए किंवा बी गटाची शर्करा चढते. ओ गटाच्या व्यक्तीत पाया तसाच उघडा राहतो.

एफयूटी-२ निकामी असलेल्या व्यक्तीला 'अस्रावक' म्हणतात. युरोपीय लोकांत दर पाच जणांत सुमारे एक अस्रावक असतो. अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर रक्तगटाची शर्करा असते, पण आतड्याच्या श्लेष्म्यात नसते. मोठ्या आतड्यातील कित्येक जिवाणू श्लेष्म्यातील शर्करा तोडून खातात. म्हणून अस्रावकांच्या आतड्यात त्यांच्यासाठी वेगळे पान वाढलेले असते, असे म्हणता येईल.

याचा जिवाणूंवर किती परिणाम होतो यावर बराच वाद झाला. २०११ मधील फिनलंडच्या अभ्यासात अस्रावकांमध्ये बायफिडोबॅक्टेरियमचे प्रमाण आणि वैविध्य कमी आढळले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सुमारे १,५०० जुळ्या व्यक्तींत रक्तगट किंवा स्रावकत्व यांचा काहीही संबंध दिसला नाही. नंतरच्या अधिक मोठ्या अभ्यासांनी पारडे पुन्हा संबंधाच्या बाजूने झुकविले. २०२२ मध्ये फिनलंडमधील ५,९५९ आणि नेदरलँड्समधील ७,७३८ व्यक्तींच्या स्वतंत्र अभ्यासांत लॅक्टेजच्या जोडीने रक्तगटाचे जनुकही पुढे आले. ए गटाची शर्करा खाऊ शकणारे काही जिवाणू ए गटाच्या स्रावक व्यक्तींत अधिक आढळतात. परिणाम लहान आहे. तो दिसण्यासाठी हजारो व्यक्ती तपासाव्या लागतात, हे या वादाचे खरे कारण होय.

बाँबे रक्तगट

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका अपूर्व रक्तगटाची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटात असते ती 'एच' रचनाही नाही. पुढे मुंबईतील पाहणीत दर ७,६०० व्यक्तींमागे एक असे प्रमाण आढळले. संपूर्ण भारतासाठी साधारणपणे दर १०,००० मागे एक असे सांगितले जाते, तर युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे. भारतातील नोंदींपैकी मोठा भाग महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशातील असून त्यांत कोकणातील कुटुंबेही आहेत.

१९९० च्या दशकात या रक्तगटाचे जनुकीय कारण स्पष्ट झाले. भारतीय बाँबे रक्तगटाच्या व्यक्तींत दोन दोष एकत्र असतात. एफयूटी-१ मध्ये एका अक्षराचा बदल होऊन ते निकामी झालेले असते आणि शेजारचे एफयूटी-२ हे जनुक तर समूळ गळालेले असते. दोन्ही जनुके लगतची असल्यामुळे हे दोष जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. आई आणि वडील अशा दोघांकडूनही ही जोडी आली, तरच रक्तगट प्रकट होतो. एकाकडूनच आल्यास ती व्यक्ती केवळ वाहक राहते आणि तिचा रक्तगट नेहमीसारखाच दिसतो.

जातीअंतर्गत विवाह आणि नात्यातील सोयरिकी यांमुळे अशा दुर्मीळ दोषांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक समाजांत होती. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात तिचा विस्ताराने विचार केला आहे. मात्र बाँबे रक्तगट हा कोणा एका जातीचा नाही आणि तो रोगही नाही. त्या व्यक्ती सर्वसामान्य निरोगी आयुष्य जगतात.

जिवाणूंच्या दृष्टीने या रक्तगटाचे महत्त्व असे की, या व्यक्ती अपवाद वगळता अस्रावक असतात. त्यांच्या श्लेष्म्यात 'एच'चा पायाच नसल्याने त्यावर ए किंवा बी चढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याउलट 'पॅरा-बाँबे' नावाच्या प्रकारात एफयूटी-१ निकामी, पण एफयूटी-२ शाबूत असू शकते. अशा व्यक्तीचे रक्त बाँबेसारखे, पण लाळ आणि आतडे स्रावकाचे असते. केवळ रक्त तपासून आतड्याविषयी अनुमान काढता येत नाही, हे या दोन प्रकारांच्या तुलनेवरून स्पष्ट होते. अस्रावक असण्याचे काही फायदेही आहेत. जुलाब-उलट्यांना कारणीभूत होणाऱ्या नोरोव्हायरसच्या काही प्रमुख वाणांना आतड्यात शिरण्यासाठी याच शर्करांची पकड लागते. ती न मिळाल्याने अस्रावकांना त्या वाणांची लागण क्वचितच होते. दुसरीकडे, क्रोन रोग या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा धोका अस्रावकांत किंचित अधिक असल्याचे युरोपीय वंशाच्या लोकांत आढळले आहे.

खरा धोका आतड्यात नाही, रक्त देण्याघेण्यात आहे. नेहमीच्या तपासणीत बाँबे रक्तगट 'ओ' असा भासतो. परंतु या व्यक्तींच्या रक्तद्रवात 'एच'विरुद्ध तीव्र प्रतिपिंडे असतात. त्यांना ओ गटाचे रक्त दिल्यास दिलेल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जीव धोक्यात येतो. त्यांना केवळ बाँबे रक्तगटाचेच रक्त चालते. 'एच'विरोधी द्रव्याने केलेली चाचणी, रक्तद्रवाची उलट तपासणी आणि दात्या-रुग्णाच्या रक्ताची जुळवणी यांतून हा गट ओळखता येतो. कुटुंबात एक व्यक्ती या गटाची निघाल्यास सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण आईवडील दोघेही वाहक असताना प्रत्येक अपत्याला हा गट मिळण्याची शक्यता चारात एक असते.

आईचे जनुक, मुलाचे जिवाणू

एफयूटी-२ चा सर्वांत ठळक परिणाम कदाचित ते जनुक असलेल्या व्यक्तीवर नसून तिच्या तान्ह्या मुलावर होतो. आईच्या दुधात मुलाला स्वतःला न पचणाऱ्या अनेक शर्करा असतात. स्रावक आईच्या दुधात एफयूटी-२ ने घडविलेल्या शर्करा विपुल असतात. अस्रावक आईच्या दुधात त्या जवळजवळ नसतात. बायफिडोबॅक्टेरियमच्या काही जाती या शर्करांवरच जगतात. २०१५ मधील एका अभ्यासात स्रावक मातांच्या स्तनपान करणाऱ्या बाळांत हे जिवाणू लवकर स्थिरावतात आणि अधिक प्रमाणात असतात असे आढळले. म्हणजे येथे जनुक एका शरीरात आणि त्याचा परिणाम दुसऱ्या शरीरात. यावरून अस्रावक मातेचे दूध निकृष्ट ठरत नाही. त्यात इतर अनेक उपयुक्त शर्करा असतात आणि अशी मुलेही उत्तम वाढतात.

भात, लाळ आणि पेज

लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थ फोडते. त्याच्या जनुकाच्या प्रती माणसामाणसांत कमीअधिक असतात. कोणाला दोन-तीन, तर कोणाला दहाहून अधिक. २००७ मध्ये असे दाखविले गेले की, परंपरेने पिष्टमय आहार घेणाऱ्या लोकसमूहांत या प्रती सरासरीने अधिक असतात. २०१९ च्या प्रयोगात जास्त प्रती असलेल्या व्यक्तींच्या आतड्यात सहज न पचणारे पिष्ट फोडणारे जिवाणू अधिक, तर कमी प्रती असलेल्यांत गुंतागुंतीची कर्बोदके फोडण्याची क्षमता असलेले जिवाणू अधिक आढळले.

कोकणातील उकड्या तांदळाचा भात आणि पेज या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. भात उकडून वाळविल्यावर त्यातील पिष्टाची रचना बदलते आणि त्याचा काही भाग लहान आतड्यात न पचता पुढे जातो. शिजवून गार केलेल्या भाताचेही तसेच. कुळीथ आणि नाचणी यांतील तंतुमय भाग त्यात भर घालतो. जिवाणूंना मिळणारा हा शिधा लाळेच्या जनुकावर जितका, तितकाच तांदूळ उकडा आहे की सुरय यावर अवलंबून असतो.

महाराष्ट्रातील संशोधन

या विषयावरील आरंभीचे महत्त्वाचे भारतीय काम पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने केले. २०१२ साली या गटाने एकत्र कुटुंबांचा एक छोटा, पण कल्पक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन कुटुंबांतील प्रत्येकी तीन पिढ्यांची एकेक व्यक्ती निवडण्यात आली. सर्वजण एका छपराखाली राहणारे आणि सारखेच अन्न खाणारे होते. त्यांच्या नमुन्यांतून प्राणवायूविना वाढणारे ७१ वाण वेगळे करण्यात आले. रक्त एक आणि अन्न एक असूनही आजा, बाप आणि नातू यांच्या वयानुसार जिवाणूंचे प्रमाण बदललेले दिसले. सहा व्यक्तींवरून व्यापक निष्कर्ष काढता येत नाहीत हे खरे, परंतु परदेशी जुळ्यांच्या अभ्यासाला सुचणार नाही असा प्रश्न आपल्या कुटुंबपद्धतीतून येथे विचारला गेला. २०१६ मध्ये याच संस्थेतील अभ्यासकांनी भारतीय आतड्यांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्राबल्य असल्याचे दाखविले. प्रेव्होटेलाचा संबंध सामान्यतः धान्यप्रधान, तंतुमय आहाराशी जोडला जातो.

पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील शंभराहून अधिक निरोगी ग्रामस्थांवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात वात, पित्त आणि कफ प्रकृतीच्या व्यक्तींची तुलना करण्यात आली. मुख्य जिवाणूसमूह सर्वांत सारखाच होता. काही विशिष्ट जिवाणूंत प्रकृतीनुसार फरक आढळला. तथापि प्रकृती ही प्रश्नावली आणि परीक्षणावरून ठरते, जनुकचाचणीवरून नव्हे. म्हणून हा अभ्यास आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून उद्धृत करताना सावधगिरी हवी. २०१७ मध्ये पुण्यातील व्यक्तींच्या जनुकांचा रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाशी संबंध तपासताना एफयूटी-६ या एफयूटी-२ च्या भाऊबंद जनुकातील, भारतीयांत आढळणारे बदल पुढे आले. शाकाहारी कुटुंबांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळत असल्याने या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे.

ऋतुमान आणि आनुवंशिकता

आनुवंशिकतेचा आकडा हा उंचीसारखा कायमचा गुण नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलतो. याचा उत्तम पुरावा केनियातील अंबोसेली येथील बबून माकडांवरील अभ्यासातून २०२१ मध्ये मिळाला. १४ वर्षांत ५८५ माकडांचे १६,२३४ नमुने जमविण्यात आले. जिवाणूंची जवळजवळ सर्वच वैशिष्ट्ये थोड्याफार प्रमाणात आनुवंशिक ठरली, परंतु ते प्रमाण ऋतूनुसार आणि आहारानुसार कमीजास्त होत होते. कोरड्या ऋतूत ते अधिक होते. माणसाच्या अभ्यासांत बहुधा प्रत्येकाचा एकच नमुना घेतला जातो, त्यामुळे ही चढउतार नजरेतून सुटते.

कोकण किनाऱ्यावर हा मुद्दा विशेष लागू पडतो. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. ताज्या मासळीची जागा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकी मासळी, कुळथाची पिठी आणि रानभाज्या घेतात. वेंगुर्ल्यातील एकाच माणसाचा मे महिन्यातील आणि श्रावणातील नमुना तंतोतंत सारखा येईल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे, जनुके तीच असली तरी.

जनुकचाचणीवरून आतड्याला योग्य असा व्यक्तिगत आहार सुचविण्याचा दावा करणाऱ्या सेवा आता बाजारात आहेत. वर दिलेल्या अभ्यासांत जनुकांचे परिणाम इतके लहान आहेत की, त्यांवरून एका व्यक्तीसाठी ताटातील पदार्थ ठरविण्यास आधार मिळत नाही. दूध सोसते की नाही, हे एक पेला दूध पिऊनही कळते. शिवाय वर उल्लेखिलेल्या मोठ्या अभ्यासांतील बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या आहेत. भारतीय अस्रावकांत आढळणारा एफयूटी-२ चा समूळ लोप त्या चाचण्यांच्या यादीत असेलच असे नाही, कारण युरोपीय अस्रावकत्वामागचा सर्वसामान्य बदल निराळा आहे.